अमेरिकेतली स्टेट युनिव्हर्सिटी: ॲडमिशन, मेरिट स्कॉलरशिप आणि ऑनर्ससाठी कधी काय करायचं

आपण बहुतेक जण जिथून शिकून इकडे आलो तिथे ॲडमिशन म्हणजे बारावीचे मार्क नाहीतर सीईटीचा स्कोअर, मग कॅप राउंड, मग कट-ऑफची यादी, नंबर लागला तर लागला. त्याच हिशोबाने आपण इथल्या स्टेट युनिव्हर्सिटीकडे बघतो आणि मग गोंधळ होतो, कारण इथे एका अर्जावर चार प्रश्न सुटत असतात: मुलाला घ्यायचं का, त्याने मागितलेल्या मेजरला (मुख्य विषयाला) घ्यायचं का, पैसे द्यायचे का, आणि ऑनर्समध्ये (निवडक मुलांच्या वेगळ्या प्रोग्राममध्ये) घ्यायचं का. चारही उत्तरं बऱ्याचदा वेगवेगळी माणसं देतात आणि वेगवेगळ्या वेळी देतात. पहिल्याचं उत्तर हो आलं म्हणून बाकीच्यांचं येईल असं अजिबात धरू नका.

हे सगळं फक्त सरकारी म्हणजे स्टेट युनिव्हर्सिटीपुरतं लिहितेय, प्रायव्हेटचं गणित वेगळं असतं. मुलगा किंवा मुलगी आत्ता दहावी-अकरावीत असेल तर सगळ्यात उपयोगाचं, बारावीत असेल तर सरळ ऑगस्टपासून पुढे वाचा.

आधी रेसिडेन्सी आणि व्हिसा, मग कॉलेजची नावं

लोक रँकिंगपासून सुरुवात करतात, माझं ठाम मत आहे की सुरुवात रेसिडेन्सीपासून करा. इन-स्टेट आणि आउट-ऑफ-स्टेट फीमध्ये दुपटी-तिपटीचा फरक असतो आणि बऱ्याच राज्यांत क्लास सुरू व्हायच्या आधी किमान बारा महिने तिथे राहत असल्याचे पुरावे लागतात, टॅक्स रिटर्न, लीज, ड्रायव्हिंग लायसन्स वगैरे. मुलगा अकरावी-बारावीत असताना नोकरीसाठी राज्य बदलणार असाल तर हे आधी बघा, नंतर बघून काही हाती लागत नाही. आणि रेसिडेन्सीचा परिणाम फक्त फीवर होत नाही, ॲडमिशनवर पण होतो. नॉर्थ कॅरोलिनाच्या चॅपल हिलला फ्रेशमन बॅचमध्ये बाहेरच्या राज्यातली मुलं १८ टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायची नाहीत असा नियम आहे, म्हणजे तिथल्या 'ॲक्सेप्टन्स रेट'चा एकच आकडा बघून बाहेरच्या मुलाला काहीही कळत नाही.

आता आपल्यातल्या खूप घरांचा प्रश्न, एच-४, म्हणजे एच-१बी वर काम करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा. मूल एच-४ वर असेल तर त्याला फाफ्सामधून (आर्थिक मदतीचा सरकारी अर्ज) मिळणारी फेडरल मदत मिळत नाही. पण मूल इथे जन्मलेलं, म्हणजे सिटिझन असेल आणि आईबाबा एच-१बी वर असतील तर ते मूल फाफ्सा भरू शकतं, कारण स्टेटस मुलाचं बघतात, आईबाबांचं नाही. हे अजूनही कितीतरी जणांना माहीत नसतं आणि ते भरतच नाहीत. इन-स्टेट फीचं म्हणाल तर बऱ्याच राज्यांत एच-४ वरच्या मुलांना बाकी अटी पूर्ण झाल्या तर इन-स्टेट धरतात, पण प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, त्यामुळे ओळखीच्यांनी सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका, युनिव्हर्सिटीच्या रेसिडेन्सी ऑफिसला ईमेल करा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. अजून एक, ग्रीन कार्डच्या रांगेत असताना मूल २१ चं झालं की एच-४ संपतो आणि बहुतेक वेळा एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) जावं लागतं, ते नेमकं कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात येतं. तेव्हा इन-स्टेट फी आणि स्कॉलरशिप दोन्ही टिकतील का हे त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या.

स्कॉलरशिपच्या बाबतीत ढोबळ नियम असा की पैसे युनिव्हर्सिटीचे स्वतःचे असतील तर बऱ्याचदा व्हिसाची अट नसते, पण पैसे राज्य सरकारचे असतील तर असते. जॉर्जियाच्या होप आणि झेल मिलर स्कॉलरशिप किंवा फ्लोरिडाची ब्राइट फ्युचर्स या दुसऱ्या प्रकारातल्या, तिथे सिटिझन किंवा ग्रीन कार्ड वगैरे स्टेटस लागतं. बाकी या राज्यांत राहणाऱ्यांनी या स्कॉलरशिपच्या अटी नववीपासून भिंतीवर लावून ठेवाव्यात. झेल मिलरला ३.७ जीपीए (ग्रेड्सची सरासरी) आणि सोबत सॅट किंवा एसीटी या प्रवेशपरीक्षेचा ठरलेला स्कोअर लागतो, आणि तो जीपीए राज्य स्वतः काढतं, शाळेच्या कार्डावरचा धरत नाहीत. ब्राइट फ्युचर्सच्या वरच्या पातळीला १०० तास सेवा किंवा नोकरीचे तास नोंदवावे लागतात, ते बारावीच्या शेवटच्या महिन्यात गोळा करता येत नाहीत.

यादी बनवताना कॉमन डेटा सेट उघडा

कुठल्याही युनिव्हर्सिटीचं नाव आणि 'कॉमन डेटा सेट' असं शोधलं की एक लांबलचक कंटाळवाणी पीडीएफ येते. ती कुठल्याही पेड काउन्सेलरपेक्षा जास्त खरं बोलते. सगळी वाचायची गरज नाही, दोन जागा बघा.

एक, सी-७. यात ॲडमिशनसाठी कशाला किती वजन देतात याचा तक्ता असतो, कोर्सेसचा कठीणपणा, जीपीए, टेस्ट स्कोअर, निबंध, शिफारसपत्र, ॲक्टिव्हिटी, राज्याचा रहिवासी असणं, सगळ्यापुढे 'खूप महत्त्वाचं' पासून 'विचारात घेत नाही' पर्यंत खुणा केलेल्या असतात. एखाद्या युनिव्हर्सिटीने शिफारसपत्रापुढे 'विचारात घेत नाही' लिहिलं असेल तर तिथे तीन-तीन शिक्षकांच्या मागे लागण्यात काही अर्थ नाही, तो वेळ निबंधाला द्या.

दोन, एच-२-ए. हा भाग मेरिटच्या पैशांचा. ज्या मुलांना आर्थिक गरज नाही असं युनिव्हर्सिटीने ठरवलं, त्यातल्या किती जणांना तरीही पैसे दिले आणि सरासरी किती दिले ते इथे लिहिलेलं असतं. दोघेही आयटीत नोकरी करणारे आईबाबा बहुतेक याच गटात येतात, म्हणून आपल्या कामाची ओळ हीच. हजारो मुलांच्या बॅचमध्ये जर शे-दीडशे मुलांनाच मिळाले असतील तर तिथे मेरिट मिळेल हे गृहीत धरून बजेट करू नका, मिळालं तर आनंद.

यावरून साधारण तीन प्रकारच्या युनिव्हर्सिटी दिसायला लागतात. काही ठिकाणी उघड तक्ता असतो, अमुक जीपीए आणि अमुक स्कोअर असेल तर तमुक पैसे, अलाबामा युनिव्हर्सिटी याचं नेहमीचं उदाहरण. इथे आधीच कळतं, फक्त तक्ता दरवर्षी बदलू शकतो म्हणून तुमच्या मुलाच्या वर्षाचाच बघा. काही ठिकाणी स्पर्धा असते, अर्ज वाचून ठरवतात, मेरीलँडची बॅनेकर-की, जॉर्जिया टेकची स्टॅम्प्स, कॅलिफोर्नियाची रीजंट्स अशा. आणि तिसरा प्रकार म्हणजे मोठं नाव पण मेरिटचा हात आखडता.

टेक्सासचं एक वेगळं आहे ते सांगते. तिथल्या राज्याच्या कायद्यानुसार बाहेरच्या राज्यातल्या किंवा परदेशी विद्यार्थ्याला किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक स्कॉलरशिप मिळाली तर युनिव्हर्सिटी त्याला इन-स्टेट दराने फी लावू शकते. म्हणजे स्कॉलरशिप दिसायला छोटी, पण फीतला फरक मोठा. सगळीकडे सगळ्यांना मिळत नाही, त्यावर मर्यादा आहे, पण यूटी (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास) डॅलससारख्या ठिकाणी अर्ज करताना हे नक्की विचारा. टेक्सासमध्येच राहत असाल तर ऑटोमॅटिक ॲडमिशनचा नियम माहीत असेलच, यूटी ऑस्टिनला २०२६ च्या फॉलपासून तो वर्गातल्या वरच्या ५ टक्क्यांपुरता केलाय, आधी ६ टक्के होता. यात लोक फसतात ते असं की ही ॲडमिशन युनिव्हर्सिटीची असते, मेजरची नाही. कॉम्प्युटर सायन्स किंवा बिझनेस मिळेलच असं यातून काही ठरत नाही.

अकरावीचा ऑक्टोबर आणि टेस्ट

अकरावीत ऑक्टोबरमध्ये होणारी पीएसएटी (सॅटच्या आधीची सराव-परीक्षा) ही नॅशनल मेरिट या देशभरच्या स्कॉलरशिप स्पर्धेची परीक्षा. त्यातून देशभरात साधारण १६,००० मुलं सेमीफायनलिस्ट होतात, पण कट-ऑफ राज्यागणिक वेगळा असतो आणि न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, कॅलिफोर्निया अशा जिथे आपली गर्दी आहे तिथे तो चांगलाच वर जातो. आणि गंमत अशी की नॅशनल मेरिटचे मोठे पैसे संस्थेकडून फारसे येतच नाहीत, ते अलाबामा, यूटी डॅलस अशा ठरावीक युनिव्हर्सिटी देतात आणि त्यासाठी फायनलिस्ट झाल्यावर पोर्टलमध्ये त्यांचं नाव पहिली पसंती म्हणून वेळेत टाकावं लागतं. मूल त्या स्कोअरच्या आसपास असेल तर दहावीनंतरच्या सुट्टीत थोडी तयारी करून घ्या, नसेल तर त्याच्या मागे लागू नका, सॅटची तयारी तशीही होतेच आहे.

'टेस्ट ऑप्शनल', म्हणजे स्कोअर दिला नाही तरी चालेल, या शब्दावर निवांत बसू नका. पर्ड्यू, यूटी ऑस्टिन, जॉर्जिया टेक, फ्लोरिडाच्या स्टेट युनिव्हर्सिटी स्कोअर मागतात. उलट कॅलिफोर्नियाच्या यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे कॅम्पस) स्कोअर बघतच नाहीत, पाठवला तरी नाही. आणि काही ठिकाणी ॲडमिशनला ऑप्शनल पण स्कॉलरशिपला लागतो, ते स्कॉलरशिपच्या पानावर खाली बारीक अक्षरात असतं.

१ ऑगस्ट ते १ नोव्हेंबर

सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर १ नोव्हेंबर ही तारीख ठेवा. कॉमन ॲप (एकच अर्ज अनेक युनिव्हर्सिटींना पाठवायची वेबसाइट) १ ऑगस्टला उघडतं. अर्ली ॲक्शन म्हणजे लवकर अर्ज, लवकर उत्तर, पण बांधून घेणं नाही. मेरीलँड, पर्ड्यू, रटगर्स अशा बऱ्याच ठिकाणी ती तारीख १ नोव्हेंबर असते, जॉर्जियात राहणाऱ्यांना जॉर्जिया टेकसाठी १५ ऑक्टोबर. मेरीलँड आणि पर्ड्यूसारख्या ठिकाणी मेरिट आणि ऑनर्सचा विचार याच अर्जांसाठी होतो. रेग्युलर म्हणजे नेहमीच्या अर्जाची तारीख जानेवारीत असते म्हणून निवांत राहिलेल्या मुलाला ॲडमिशन मिळूही शकते पण पैशांची वेळ टळून गेलेली असते. यूसीचं वेगळं, तिथे अर्ली वगैरे काही नाही, सगळे अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि आठातले चार प्रश्न निवडून प्रत्येकी ३५० शब्द.

म्हणून ऑगस्टमध्ये मुख्य निबंधाचा कच्चा खर्डा, ६५० शब्दांची मर्यादा. शाळा सुरू झाल्या झाल्या काउन्सेलरला भेटून ट्रान्स्क्रिप्ट (शाळेचा अधिकृत ग्रेड्सचा कागद) आणि शिफारसपत्रं किती दिवस आधी मागायची ते विचारायचं, मोठ्या पब्लिक हायस्कूलमध्ये एका काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात आणि त्यांची स्वतःची आतली डेडलाइन ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच असू शकते. रटगर्ससारखी काही ठिकाणं मुलाला स्वतः सगळे ग्रेड्स एका फॉर्ममध्ये भरायला लावतात, ते भरताना ट्रान्स्क्रिप्ट समोर घेऊन बसा, आठवणीतून भरू नका. ॲक्टिव्हिटीच्या दहा जागा असतात आणि प्रत्येकीला १५० अक्षरं. मराठी शाळेत लहान मुलांना शिकवायला मदत केली असेल तर ती नक्की लिहा, 'कल्चरल व्हॉलंटिअर' असं गुळमुळीत नको, आठवड्याला किती तास, किती मुलं, नेमकं काय शिकवलं ते लिहा. आपली मुलं हे काम लहानपणापासून करत आलेली असतात आणि त्यामुळेच त्यांना ते सांगण्यासारखं वाटत नाही.

अर्ज पाठवला की काम संपत नाही. दोन-चार दिवसांत युनिव्हर्सिटीच्या पोर्टलचं लॉगिन येतं, बऱ्याचदा स्पॅममध्ये. तिथे जाऊन ट्रान्स्क्रिप्ट पोचलं का, स्कोअर पोचला का, वेगळा स्कॉलरशिप फॉर्म उघडलाय का हे दर आठवड्याला मुलाने बघायचं. तुम्ही नाही, मुलाने. तुम्ही फक्त विचारायचं.

ऑनर्स: काय मिळतं आणि काय द्यावं लागतं

ऑनर्स म्हणजे नावापुढचं बिरूद असं समजून अर्ज करायला लावणारे पालक मी खूप बघते. ऑनर्स हा एक करार असतो. मुलाला मिळतं ते म्हणजे वीस-पंचवीस जणांचे वर्ग, वेगळा डॉर्म (हॉस्टेल), रिसर्चसाठी प्राध्यापकापर्यंत लवकर पोचण्याची वाट, आणि बऱ्याच ठिकाणी कोर्स रजिस्ट्रेशनला आधीचा नंबर. हा शेवटचा फायदा कुणी ब्रोशरमध्ये मोठा करून लिहीत नाही पण हजारो मुलांच्या कॅम्पसवर हवा तो वर्ग हव्या त्या सेमिस्टरला मिळणं म्हणजे चार वर्षांत डिग्री पूर्ण होणं, आणि पाचवं वर्ष टळलं की तेवढे पैसे वाचले.

द्यावं लागतं ते म्हणजे ठरावीक ऑनर्स क्रेडिट, टिकवायचा जीपीए आणि बऱ्याच ठिकाणी थीसिस. पेन स्टेटच्या श्रेयर ऑनर्स कॉलेजला वेगळा अर्ज, वेगळे निबंध आणि शेवटी थीसिस असतोच. ॲरिझोना स्टेटच्या बॅरेटला पहिल्याच वर्षी 'द ह्यूमन इव्हेंट' नावाचा वाचन-चर्चेचा कोर्स करावा लागतो आणि वर ऑनर्सची वेगळी फी. मेरीलँडला वेगळा अर्ज नाही, मुख्य अर्जावरूनच बोलावतात, आणि आत पुन्हा वेगवेगळे प्रोग्राम, त्यातल्या जेमस्टोनमध्ये मुलं टीम करून एकाच रिसर्चच्या विषयावर चारही वर्षं काम करतात. ज्या मुलाला प्रयोगात रमायला आवडतं त्याच्यासाठी हे सोनं आहे, ज्याला लवकर डिग्री घेऊन बाहेर पडायचंय त्याला ते ओझं होईल. मुलाच्या स्वभावाकडे बघून ठरवा.

ऑनर्सचा निबंध मुख्य निबंधासारखा नसतो. तिथे त्यांना 'मी कसा घडलो' नको असतं, डोकं कुठे अडकतं आणि अडकल्यावर हा मुलगा काय करतो ते बघायचं असतं. आमच्या मंडळातल्या एका मुलाने गणपतीनंतरच्या निर्माल्याचं खत करायचं म्हणून बॅकयार्डमध्ये बादल्या लावल्या होत्या, एकात नुसता झेंडू, एकात पानं मिसळून, एकात किचनचा ओला कचरा. झेंडूची बादली नुसती कुजून वास मारायला लागली. का, तर ओलावा जास्त आणि हवा खेळत नव्हती, हे त्याने वाचून काढलं, सुका पाला घातला, परत बघितलं. निबंधात त्याने हेच लिहिलं आणि शेवटी अजून न सुटलेला प्रश्न लिहिला, की हाराच्या दोऱ्यातलं प्लॅस्टिक वेगळं काढायला माणसं कोण आणि कुठून आणायची. स्पर्धा जिंकल्याचा एक शब्द नव्हता त्यात. असं काहीतरी प्रत्येक मुलाकडे असतं, ते शोधायला ऑगस्टमध्ये दोन तास निवांत त्याच्याशी बोला आणि मध्ये मध्ये दुरुस्त करू नका.

उत्तरं यायला लागली की

डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत उत्तरं येत राहतात. 'डिफर्ड' म्हणजे नकार नाही, अर्ज रेग्युलरच्या ढिगात गेला. पोर्टल काय मागतंय ते वाचा, नवे ग्रेड्स मागत असतील तर पाठवा, पत्र घेत असतील तर एक पान साधं पत्र, पण 'काहीही पाठवू नका' असं लिहिलं असेल तर खरंच काही पाठवू नका.

'दुसऱ्या मेजरला घेतलंय' हे उत्तर सगळ्यात अवघड. कॉम्प्युटर सायन्स मागितलं आणि 'अनडिसाइडेड' किंवा गणित मिळालं तर आत जाऊन बदलून घेऊ असं बोलणं सोपं असतं. सही करायच्या आधी मेजर बदलण्याचा नियम वाचा, काही ठिकाणी त्या मेजरमध्ये नंतर जायचा रस्ता जवळपास बंद असतो.

मूल रडेल, तुम्हालाही वाईट वाटेल, त्या दिवशी कुणाच्या मुलाला कुठे मिळालं हे घरात बोलू नका. एवढंच सांगेन.

स्कॉलरशिपचं पत्र कसं वाचायचं

आकडा सगळ्यात शेवटी वाचा. आधी हे शोधा: किती सेमिस्टर, बहुतेक आठ असतात. दरवर्षी कुठला जीपीए टिकवावा लागतो, ३.० असतो की जास्त, आणि एका सेमिस्टरला खाली आला तर लगेच जातं की सुधारायला वेळ देतात. किमान किती क्रेडिट घ्यावे लागतात. मेजर बदललं तर राहतं का. बाहेरून दुसरी स्कॉलरशिप मिळाली तर ही कापतात का. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात ३.५ टिकवायची अट असेल तर ती गंभीरपणे घ्या, हायस्कूलचा ४.० तिथे आपोआप चालत नाही.

मग आकडा. समजा आपल्या राज्यात सगळा खर्च वर्षाला ३२,००० डॉलर आणि स्कॉलरशिप शून्य, आणि बाहेरच्या राज्यात खर्च ५८,००० आणि स्कॉलरशिप २२,०००. पहिल्या वर्षी ३२ विरुद्ध ३६, फरक फक्त चार हजारांचा, मंडळात सांगायला २२,००० ची स्कॉलरशिप. पण स्कॉलरशिप तेवढीच राहते आणि खर्च वाढत जातो. वर्षाला ४ टक्के वाढ धरली तर चौथ्या वर्षी आपल्याकडे साधारण ३६,००० आणि तिकडे ४३,००० च्या वर. चार वर्षांचा मिळून फरक जवळपास २२,४०० डॉलर होतो, विमानाची तिकिटं वेगळी. द्यायचे तर द्या, पण माहीत असून द्या. आणि तो फरक मुलाच्या नावावर कर्ज काढून भरणार असाल तर त्याला हा हिशोब कागदावर दाखवल्याशिवाय निर्णय घेऊ नका, फेडणार तो आहे.

टॅक्सचं पण बघा. ट्यूशन, फी आणि कोर्सला लागणारी पुस्तकं यावर खर्च झालेली स्कॉलरशिप टॅक्समुक्त असते, राहणं-जेवण यावर खर्च झालेली मुलाचं उत्पन्न धरली जाते. फुल राइड (सगळा खर्च भागवणारी स्कॉलरशिप) मिळाली तर हा मुद्दा येतोच. आणि ५२९ या शिक्षणासाठीच्या बचत खात्यात पैसे साठवलेत आणि स्कॉलरशिप मिळाली तर तेवढ्या रकमेपर्यंत १० टक्के दंड न भरता पैसे काढता येतात, फक्त वाढीवर टॅक्स लागतो.

पैसे वाढवून मागायचे का? स्टेट युनिव्हर्सिटीत मेरिटवर घासाघीस फारशी चालत नाही. नोकरी गेली, आजारपण आलं अशी परिस्थिती बदलली असेल तर फायनान्शियल एड ऑफिसला कागदांसकट लिहा, ते ऐकून घेतात.

१ मे आणि त्यानंतर

१ मे पर्यंत एकाच ठिकाणी डिपॉझिट भरायचं, बाकी सगळीकडे नकार कळवायचा, तुमच्या नकारामुळे वेटलिस्टवरचं कुणाचं तरी मूल आत जातं. स्कॉलरशिप आणि ऑनर्स दोन्हीसाठी पोर्टलमध्ये वेगळं 'ॲक्सेप्ट' बटण असू शकतं आणि डिपॉझिट भरलं की ते आपोआप दाबलं जात नाही. ऑनर्सच्या डॉर्मचा हाउसिंग फॉर्म वेगळा असेल तर तोही लगेच. बारावीचे शेवटचे ग्रेड घसरू देऊ नका, अंतिम ट्रान्स्क्रिप्ट जातं आणि ते बघून ॲडमिशन काढून घेतल्याची उदाहरणं आहेत. एपीचे (हायस्कूलमधल्या कॉलेज-पातळीच्या परीक्षांचे) स्कोअर जुलैत आले की लगेच पाठवा. आणि ओरिएंटेशनची सगळ्यात लवकरची तारीख पकडा, बऱ्याच ठिकाणी रजिस्ट्रेशन त्याच दिवशी होतं आणि ऑगस्टच्या बॅचपर्यंत गणित आणि केमिस्ट्रीचे चांगल्या वेळेचे सेक्शन भरून गेलेले असतात.